सगुणनं खाल्लेली सुशी

इब्रामपुरात सगुण गवसनं चांगली म्हटल्याशिवाय कुठलीही वस्तू चांगली ठरत नसे. उभा जन्म साखळी-पणजी रस्त्यावर खासगी बस चालवण्यात गेलेला हा माणूस. कुठल्या हॉटेलातली पातळभाजी खरी आणि कुठलीत नुसतं पीठ कालवलेलं, कुठल्या पोदेराच्या भट्टीतले उंडे पाव संध्याकाळपर्यंत मऊ राहतात, कुठला डॉक्टर उगाच सुई टोचतो, हे सगळं त्याला ठाऊक. आणि जे वाईट ते तो तोंडावर वाईट म्हणायचा. व्याह्याच्या घरच्या जेवणालाही त्यानं नाक मुरडलं होतं. म्हणून तर लोक त्याच्या ‘बरें’वर भरवसा ठेवायचे. गुडघे गेले, बस चालवणं सुटलं, शेत पूर्वीच भावकीत वाटून चिमूटभर उरलेलं; राहिला होता तो शब्द. तेवढ्यावर त्याची ऐट चालायची.

पण घरच्याच एका प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. धाकटा देवेश परदेशी बोटीवर नोकरीला जाऊन सुशी करायला शिकून आला होता आणि आता मांद्र्याच्या किनाऱ्यावर एका झगमगीत रेस्टॉरंटात काउंटरवर उभा असायचा. वय पस्तिशीच्या पुढं गेलेलं, लग्न जमत नव्हतं. मुलींना हवा सरकारी नोकरीवाला. सुशी करणारा म्हणजे नक्की काय करणारा, हे सांगता सांगता सगुणच्या नाकी नऊ येत. शेवटी एक दिवस तो कोणाला न सांगता लोणच्याची बरणी घेऊन बसनं मांद्र्याला गेला.

देवेशनं त्याला दारात पाहिलं आणि हातातलं काम टाकून तो धावतच आला. “बाबा, फोन करपाचो न्हय?” असं म्हणत त्यानं बापाला बाहेरून वळसा घालून मागच्या अंगणात नेलं, जिथं नोकरमाणसं जेवतात. पुढं गर्दी आहे, इथं वारं बरं, असं म्हणाला. वारं खरंच बरं होतं. थोड्या वेळानं त्यानं गरमागरम ताटली आणली: कुरकुरीत तळलेली मोठी सुंगटां, म्हणजे कोळंबी, सोबत आंबटगोड रस आणि भात.

“हीच ती सुशी?” सगुणनं विचारलं.

देवेशनं त्याच्याकडे न बघता रसाची वाटी पुढं सरकवली. “हय बाबा, हीच.”

सगुणनं ताटली पुसून खाल्ली. बोट ठेवायला जागा नव्हती. परतीच्या बसमध्येच त्यानं कंडक्टरला सांगितलं आणि आठवडाभरात ते अख्ख्या इब्रामपूरला ठाऊक झालं: सुशी म्हणजे काही भलतंसलतं नाही, आपलीच सुंगटां, पण हात पाहिजे, आणि तसा हात आमच्या देवेशचा आहे.

त्याच शब्दावर नार्व्याचं स्थळ चालून आलं. मुलगी गौरवी, डिचोलीत एका सोसायटीत कामाला. बाप विनायक साधा माणूस. तो म्हणाला, मुलगा काम करतो ती जागा एकदा डोळ्यांखालून घालू. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथं नवऱ्याला पत्ताच नव्हता, बाशिंग बापाच्या गुडघ्याला होतं. सगुण म्हणाला, नुसती बघायची काय, जेवूया तिथंच. सोमवार आणि गुरुवार नार्व्याच्या घरात मासळी शिजत नाही, म्हणून बुधवार धरला. देवेशला त्यानं काही कळवलं नाही. सांगितलं असतं तर पोरगा कावराबावरा झाला असता. रोजच्या कामात उभा असताना लोकांनी त्याला बघावं, अशी बापाची हौस.

बुधवारी दुपारी विनायक, त्याची बायको, गौरवी आणि विनायकची म्हातारी आते कमलाक्षी अशी माणसं जीपमधून उतरली. सगुण धुतलेल्या कपड्यांत दारात उभा. या खेपेला तो पुढच्या दारानं आत गेला. काउंटरमागं देवेश पांढऱ्या डगल्यात उभा होता. बापाला आणि त्याच्यामागच्या माणसांना पाहून त्याचा हात भातातच थांबला, पण समोर गिऱ्हाईक होतं. त्याला हलता येईना.

शेजारच्या टेबलावर दिल्लीकडचं जोडपं प्रत्येक घासाचा फोटो काढत होतं आणि असली सुशी मुंबईतही मिळत नाही असं एकमेकांना सांगत होतं. पलीकडं एक गोरा म्हातारा डोळे मिटून सावकाश चावत बसलेला. त्याच्यामागं पुण्याची चार पोरं होती. त्यांतल्या एकानं ताटली परत पाठवली, भात गार आहे म्हणून, आणि दुसरा वेटरला विचारत होता की हे जरा तळून मिळेल का. तळून हा शब्द सगुणच्या कानावर पडला. त्याला वाटलं, शहरातली पोरं, त्यांना काय कळतंय. तळलेलंच तर असतं.

“सुशी हाड,” त्यानं वेटरला ऐटीत आणायला फर्मावलं. “सगळ्यांत बरी ती.”

वेटरनं तिथली खास ताटली आणली. केळीच्या पानाच्या तुकड्यावर भाताचे सारखे वळलेले पांढरे गोळे. प्रत्येकावर मासळीचं पातळ, कच्चं, ओलसर काप, त्याला हिरव्या पातीचा एक दोरा बांधलेला आणि वरून पेरलेले काळे तीळ.

कमलाक्षी आतेनं पानाकडे पाहिलं, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“विनायका,” ती हळूच म्हणाली, “हीं पिंडां कोणाचीं?”

एकदा तो शब्द उच्चारल्यावर त्या पानात दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं. भात, तीळ, पान, दर्भासारखी ती पात. सगुणनं स्वतः बापाच्या दहाव्याला असेच गोळे वळले होते. वेटरची चूक झाली असेल म्हणून त्यानं काउंटरकडे पाहिलं. देवेशच्या हातात तसाच एक गोळा अर्धवट वळलेला होता, आणि त्याचा चेहरा पाहून सगुणला सगळं कळलं. मागच्या अंगणातलं वारं, ती ताटली, ती सुंगटां. पोरानं आपल्याला दुसरंच काहीतरी खाऊ घालून मागच्या मागं वाटेला लावलं होतं.

“सगुणबाब,” विनायकनं अवघडून विचारलं, “तुमी खाल्ली ती हीच मगे?”

नाही म्हणणं सोपं होतं. माझ्या मुलानं मला फसवलं, एवढंच सांगायचं, की सगुणचा शब्द स्वच्छ राहिला असता. पण मुलगी द्यायला आलेल्या माणसांसमोर मुलाला लबाड कसं म्हणायचं?

“हय, हीच,” सगुण म्हणाला. आणि विश्वास बसावा म्हणून त्यानं एक गोळा उचलून तोंडात घातला. गार भात, त्याहून गार मासळी. घास घशाशी अडला. डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यानं तो गिळला.

गौरवीनंही एक उचलला. तिनं तो शांतपणे चावून खाल्ला, तिचा चेहरा उजळला आणि हात दुसऱ्याकडे गेला. गिऱ्हाइकाचा चेहरा वाचायची सवय असलेल्या देवेशनं ते काउंटरवरून पाहिलं. त्याला आवडलेलं कळतं. पण आतेनं पोरीचं मनगट धरलं. “उठ गे बाय,” ती म्हणाली. “जिवंतपणीं हें खावचें न्हय.” तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरोखर घाबरली होती, आणि म्हणूनच तिला समजावणं कोणाला जमलं नाही. देवेश डगल्याला हात पुसत टेबलाशी पोचेपर्यंत माणसं उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी विनायकचा फोन आला. “राग धरूं नाका. मुलीची कांय तक्रार ना. पण आते रातभर न्हिदूंक ना. जाणट्या मनशाचें मन मोडून आमकां पुढें वचपाक जमचें ना.”

म्हातारीचं मन मोडायला विनायक तयार नव्हता; स्थळ मोडलं. गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही, आणि ती पोचली ती वेगळीच होऊन. तळलेली सुंगटां म्हणून सांगत होता, आणि सोयऱ्यांसमोर कच्ची मासळी खाऊन दाखवली! म्हणजे मुलाचं लग्न जमावं म्हणून सगुण काहीही सांगतो तर. तोंडावर कोणी बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. सगुणला भांडता आलं असतं. लोकांनी नुसतं त्याला विचारणं सोडलं. पेडण्यात नवी खाणावळ निघाली, माणसं जेवून आली, चांगलं-वाईट बोलली, आणि पारावर बसलेल्या सगुणकडे कोणी वळून पाहिलं नाही.

सुट्टीच्या दिवशी देवेश घरी आला. ओट्यावर बापाशेजारी बसला. मग म्हणाला, “बाबा, तुका आवडचें ना अशें माका दिसलें. म्हूण त्या दिवसा...”

“आणि मागल्या दारान?”

देवेशनं मान खाली घातली. “थंय सगळीं तशीं मनशां बसतात. तू लुंगेर आयलेलो. वयल्यान मोठ्यान उलयतोस.”

बापाच्या लुंगीची, मोठ्या आवाजाची लाज वाटली, एवढंच त्याला म्हणायचं होतं. ते सगुणला न सांगताही समजलं, आणि त्याला वाटलं होतं त्याहून जास्त लागलं.

“आवडूंक ना जाल्यार आवडूंक ना म्हूण सांगलें आसतें,” तो म्हणाला. “तें माका येतालें. तितलेंच येतालें रे माका.”

चांगल्याला चांगलं आणि वाईटाला वाईट म्हणणं, एवढं एकच त्याला येत होतं. आतून सगुणच्या बायकोनं, सुलोचनानं, दोघांची ताटं आणून मांडली आणि ती समोर बसली. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या पहिल्या घासाकडे डोळे लावून बसायची तिला सवय. सगुणनं माशाचं हुमण भातावर घेतलं, कालवलं, खाल्लं. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला.

“कसां जालां?” शेवटी तिनंच विचारलं.

“माका विचारूं नाका,” सगुण म्हणाला. “तुमीच चाखून पळयात.”