मोजणारा धरून चाळीस

माझ्या धाकट्या भावाला अख्खी गल्ली मेजर म्हणते. मेजर तो कधी नव्हताच. एकोणीस वर्षं फौजेत होता आणि एकोणीस वर्षं त्याने एकच काम केलं. चिखलात, वाळूत, नदीत रुतलेल्या गाड्या क्रेनने उचलून बाहेर काढल्या. कुणी मेजर म्हटलं की सुरुवातीला तो थांबून समजावायचा, "मेजर नाही हो, क्रेनचालक." त्याने लोकांना सलाम ठोकायला आणखीच चेव यायचा. शेवटी त्याने नाद सोडला.

फौजेतून येताना त्याने एक ट्रंक आणली आणि एक खोड आणली. खोड मोजायची. त्याच्या उस्तादाने पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं म्हणे, की गाडीत चढताना माणसं मोजायची, उतरल्यावर पुन्हा मोजायची, आणि मोजणाऱ्याने स्वतःला धरायचं. मोजणाराच मागे राहिला, तर तो राहिला हे सांगायला कोण उरणार? ते त्याच्या अंगात असं भिनलंय की विचारू नका. परत आल्यापासून तो माझ्याकडेच राहतो. घरात आम्ही चौघं: आमचे हे, मी, आई आणि तो. रोज संध्याकाळी ताटं तोच मांडतो आणि दरवेळी बोलतो, "मोजणारा धरून चार." आमचे हे म्हणतात, "अहो मेहुणे, काल चार होतो, आज काय पाच होणारोत?" पण ऐकेल तर शपथ.

आता मुख्य गोष्ट. गोदीत क्रेनवर एक जागा निघाली होती. तिथल्या साहेबांनी त्याला वर चढवलं, घराएवढी लोखंडी पेटी उचलायला लावली आणि खाली एका रंगवलेल्या चौकोनात ठेवायला सांगितली. यानं ती झोपलेलं पोर गादीवर ठेवावं तशी ठेवली. साहेब खूश! मग फाइल उघडली. फाइलमध्ये पाच वर्षांचा अनुभव मागितलेला.

"एकोणीस वर्षं आहे, साहेब."

"तो फौजेतला. तो कागदावर धरता येत नाही."

"मग आत्ता पेटी कुणी ठेवली?"

"तुम्हीच ठेवलीत हो. मी पाहिली ना! पण कागदाने नाही पाहिली."

माणूस वाईट नव्हता. त्याने अर्ज खणात ठेवला आणि सांगितलं, नवा कायदा येतोय, फौजेतली वर्षं अनुभवात धरायचा. कायदा आला की त्याच दिवशी रुजू व्हा. फक्त त्या कायद्यात एक अट होती. फौज सोडून चार वर्षं व्हायच्या आत अर्जाला मंजुरी मिळालेली पाहिजे. आमच्या मेजरची चार वर्षं ह्याच महिन्याच्या तीस तारखेला भरत होती. अधिवेशनाचा शेवटचा दिवसही तीसच. म्हणजे तीस तारखेपर्यंत कायदा झाला तर क्रेन, नाहीतर जन्मभर दुसऱ्यांच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून राखण. चार वर्षं तो तेच करत होता. त्या स्टुलावर बसलेला तो लांबून दिसला की मी रस्ता बदलायचे, खरं सांगते. बघवायचं नाही.

मी विधानभवनाच्या कॅन्टीनमध्ये आहे. बावीस वर्षं झाली. तिथे हंगामी शिपायाची जागा निघाली तेव्हा मीच शब्द टाकला, म्हटलं अधिवेशन संपेपर्यंत तरी स्टूल सुटेल. आणि काम काय मिळालं त्याला? मोजायचं!

झालं होतं असं. सभागृहात एकशेवीस सदस्य, पण चाळीस हजर असले की काम चालतं. त्याला कोरम म्हणतात. कमी वाटले की घंटा वाजवायची, पाच मिनिटं थांबायचं, मग शिपायाने डोकी मोजायची आणि आकडा चिठ्ठीवर लिहून सभापतींना द्यायचा. चाळीस भरले नाहीत तर दिवस खलास, सगळे घरी. सदस्यांकडे बोट दाखवणं वाईट दिसतं, म्हणून आमचा मेजर हनुवटीने मोजायचा. सावधान उभा राहून, डावीकडून उजवीकडे, मान टक टक हलवत.

दोन पक्ष आहेत. एक खिडकीकडे बसतो, एक दाराकडे, आणि मी त्यांना तेवढंच म्हणते, कारण बाकी फरक मला बावीस वर्षांत सापडलेला नाही. विधेयक खिडकीकडच्यांनी आणलं होतं. चार वर्षांपूर्वी हेच विधेयक दाराकडच्यांनी आणलं होतं आणि तेव्हा ते खिडकीकडच्यांनी पाडलं होतं. आता दाराकडच्यांची पाळी. पण सैनिकांच्या विरोधात कोण बोलणार? सगळ्यांच्याच कोटावर सैनिकांच्या सन्मानाचे बिल्ले. म्हणून विरोध करायचा नाही, नुसता वेळ काढायचा.

एकाने अनुभवाच्या प्रमाणपत्राच्या रंगावर तीन दिवस भाषण केलं. दुसऱ्याने पायदळाच्या बुटांचा इतिहास वाचायला घेतला. लाकडी टाचेपर्यंत पोचला आणि घसा बसला. मग त्यांच्या पुढाऱ्याने शक्कल काढली. हा पुढारी सदा हातात छत्री घेऊन फिरतो, बाहेर ऊन असो की काही असो, म्हणून त्याला छत्रीवाले म्हणतात. तो उठला आणि म्हणाला, सैनिकांविषयी बोलण्याआधी शहीद सैनिकांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहू. सगळे उभे राहिले. खाली बसले तोच त्याच्या शेजारचा उठला. त्यालाही श्रद्धांजली वाहायची होती, वेगळ्या लढाईतल्या शहिदांसाठी. पुन्हा सगळे उभे. त्या एका दिवसात छप्पन्न वेळा उभं राहणं झालं! नाही कोण म्हणणार? सभापतींना गुडघेदुखी, ते दर वेळी टेबलाला धरून उठत होते. आणि मागे भिंतीला आमचा मेजर छप्पन्नच्या छप्पन्न वेळा खरोखरचा सावधान. मेलेल्या सैनिकांसाठी उभे राहून राहून जित्या सैनिकाचा दिवस खाल्ला ह्यांनी. मी किटली आपटली ती पोचा पडेपर्यंत.

शहीद संपले तेव्हा मग कोरमचा खेळ. खिडकीकडचे पासष्ट, पण त्यातले निम्मे सदानकदा कुठेतरी फीत कापायला गेलेले. मतदान यायची वेळ झाली की दाराकडचे सगळे उठून माझ्या कॅन्टीनमध्ये. वर डोक्यावर घंटा ठणाणा वाजतेय आणि खाली हे आम्लेट मागतायत!

"ताई, अहो तुमच्या भावासाठीच चाललंय हे सगळं," छत्रीवाले मला म्हणायचे. "घाईघाईत केलेला कायदा त्याच्या कामाचा नाही. जरा मिरपूड द्या."

मी द्यायचे. काय करणार, नोकरी आहे. एकदा चूल बंद केली आणि सांगितलं चहा संपला, तर दुसऱ्या दिवशी बायकांनी भरून दिलेले थर्मास घेऊन आले. रोज माझ्या हाताने खाऊन हे लोक माझ्याच भावाच्या पोटावर पाय देत होते आणि वर म्हणत होते, आम्लेट छान झालंय.

मेजर तेवढ्यात आत मोजून यायचा. एकतीस. सव्वीस. एकदा पस्तीस. चिठ्ठी गेली की दिवस संपला. मला रात्री विचारायची हिंमत व्हायची नाही, पण आई विचारायची, "आज किती रे?" आणि तो शाळेतल्या पोरासारखा आकडा सांगायचा.

तीस तारीख उजाडली. खिडकीकडच्यांनी जिथे जिथे फिती होत्या तिथून माणसं ओढून आणली. एकाला तर दाढ काढायच्या खुर्चीवरून आणलं, गालात कापूस तसाच. दुपारी घंटा वाजली. दाराकडचे शिस्तीत कॅन्टीनमध्ये आले. मी चहाचा ट्रे उचलला आणि सरळ सभागृहाच्या दाराशी जाऊन उभी राहिले. त्या दाराला गोल काच आहे. आत मेजर मोजत होता. हनुवटी टक टक. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग त्याने चिठ्ठी लिहिली आणि मी काचेतून त्याचे कान लाल झालेले पाहिले.

सभापतींनी वाचलं, "चाळीस."

विधेयक तीन मिनिटांत मंजूर! चार वर्षं आणि तीन मिनिटं. मनात म्हटलं, चला, स्टूल गेलं एकदाचं.

तेवढ्यात माझ्या कानाशी कुणीतरी श्वास टाकला. छत्रीवाले. ते पण काचेतून बघत होते, ओठांनी पुटपुटत. "एकोणचाळीस," म्हणाले, आणि छत्रीने दार ढकलून आत घुसले.

मग जो काही गोंधळ झाला! सचिवांनी पुन्हा मोजलं. एकोणचाळीस. खिडकीकडचे म्हणाले, एक जण मतदान करून बाहेर गेला असेल. दाराकडचे म्हणाले, नाव सांगा. खिडकीकडचे म्हणाले, नावं लक्षात ठेवायला आम्ही काय शाळामास्तर आहोत? सभापतींनी निकाल दिला, की शिपायाला विचारू. तो सांगेल ते खरं.

दहा मिनिटांची सुट्टी जाहीर झाली. खिडकीकडच्यांचा एक मुरलेला माणूस मेजरला घेऊन माझ्यापाशी कोपऱ्यात आला. "एवढंच म्हणायचं, एक जण बाहेर गेला. कोण ते दिसलं नाही. बास! कायदा तुझा, क्रेन तुझी."

मी त्याचा दंड धरला. "म्हण ना रे. कोण विचारतंय? कधी नव्हे ते एकदा खोटं बोल, माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

"ताई, कुणीच बाहेर गेलं नाही गं," तो म्हणाला.

"मग चाळीस कसे आले?"

त्याला खरंच कळेना मी काय विचारतेय. आणि मला एकदम कळलं. हातातला ट्रे खाली ठेवला.

सभागृहात त्याला मधोमध उभं केलं. आता मात्र तमाशा बघायला झाडून सगळे आले होते. खिडकीकडचे, दाराकडचे, फीत अर्धी कापून आलेलेसुद्धा. बसायला जागा नाही.

सभापतींनी विचारलं, "चाळिसावा कोण होता?"

"मी, साहेब."

आधी कुणाला समजलं नाही. मग हसू फुटलं आणि ते बाकांवरून मागपर्यंत पसरत गेलं.

"तुम्ही ह्या सभागृहाचे सदस्य आहात का?"

"नाही, साहेब."

"मग स्वतःला का मोजलंत?"

मेजर सावधान उभा होता. "साहेब, मी इथे होतो."

हसू हळूहळू थांबलं. सभापतींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग नियम वाचला. कोरम नव्हता, म्हणून मंजुरी रद्द. आणि एका अधिवेशनात एकच विधेयक दोनदा मतदानाला येत नाही. आज शेवटचा दिवस. संपलं.

थांबा, खरी गंमत पुढेच आहे. छत्रीवाले उठले, गहिवरून. असा प्रामाणिक माणूस आपण पाहिला नाही म्हणाले, ह्याच्या अभिनंदनाचा ठराव करू. खिडकीकडच्यांनी अनुमोदन दिलं. ठरावासाठी हात वर झाले आणि सचिवांनी मोजले. एकशे अठरा! एकमताने! एका मिनिटात! मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की ह्याने अधिवेशनभर रोजच एक जास्त मोजला असणार. लगेच जुने आकडे दुरुस्त करायला दोन्ही बाजूंची समिती नेमली. तिची बैठक त्याच संध्याकाळी झाली आणि एकही सदस्य गैरहजर नव्हता. चहा मीच दिला.

गोदीतल्या साहेबांना मेजरने स्वतः फोन केला. "कागद नाही आला, साहेब," एवढंच बोलला. ते म्हणाले, अर्ज खणातून काढायला मन होत नाहीये.

बसने घरी आलो. ठरावाची प्रत त्याने घडी करून खिशात ठेवली होती. वाटेत मी त्याला काय काय बोलले ते आता आठवलं तरी लाज वाटते. गाढव म्हटलं. तुझं सरळपण घालशील काय चुलीत, म्हटलं.

घरी आईने विचारलं, "आज किती रे?"

"एकोणचाळीस," तो म्हणाला आणि हात धुवून ताटं मांडायला लागला.

मी आमटीचं पातेलं घेऊन आले. आमचे हे बसले होते, आई बसली होती. ताटं होती तीन. तो भिंतीला टेकून उभा होता, विधानभवनात उभा राहायचा तसा. त्याने मोजून मांडली होती. 'मोजणारा धरून' मात्र म्हणाला नव्हता.

माझं डोकंच फिरलं. पातेलं दाणकन खाली ठेवलं. "आणि तुझं ताट कोण मांडणार, सभापती?"

तो गोंधळला. ताटांकडे बघितलं. हनुवटी हलली, एक, दोन, तीन, आणि तिथेच अडली.

चौथं ताट मीच मांडलं. तो जेवायला बसेपर्यंत मी कुणालाच वाढलं नाही.