साडभाऊंच्या विमानाची टोपडी

हवेशी जन्माचं वैर धरलेला माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा, म्हणजे ताईंचा नवरा. दारव्ह्याला मोटारपंप दुरुस्तीचं वर्कशॉप, बरी पिकणारी शेती, दोन्ही मुली उजवलेल्या. अशा माणसानं साठी ओलांडल्यावर गुडघ्यांना तेल चोळत बसावं की नाही? यांनी शेताला लागून बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं शेड घेतलं आणि त्यात दोन माणसं बसतील असं विमान बांधलं. स्वतःच्या हातानं! नागपूरला मुक्काम ठोकून ते चालवायचा परवाना काढला, शेतात मुरूम टाकून धावपट्टी केली, सरकारदरबारी खेटे घालून उडायची परवानगीही मिळवली. आता फक्त उडायचं राहिलं होतं. आणि तिथेच घोडं अडलं, कारण साडभाऊंना हवा दिसायला लागली होती.

त्यांचं म्हणणं असं, की विमानाच्या ज्या भागावर हवा आपटते तो भाग विमानाला मागे खेचतो. चाकं, चाकांचे पाय, पंखांचे टेकू, सगळे मेले हवेला नडणारे. म्हणून त्या प्रत्येकावर फायबरचं आवरण चढवायचं, पुढून गोल आणि मागून निमुळतं. या आवरणांना ते टोपडी म्हणत, तान्ह्या बाळाच्या असतात तशी. मला समजावत, "हवेले आडवं नाही जाऊ, साडभाऊ. तिले वाट द्या, मंग ते आपल्याले ओढत नाही." एवढं सांगून थांबतील तर शपथ. आठवडी बाजारात ते भरताच्या वांग्यांसमोर उकिडवे बसायचे आणि एकेक वांगं डोळ्यांसमोर आडवं धरून एक डोळा मिटून पाहायचे. शेवटी भाजीवाली वैतागली. "काका, भाजी करता का सोयरीक जमवून राह्यले त्याची?" साडभाऊंना राग आला नाही. सर्वात सुबक वांगं त्यांनी निवडलं, त्याच्यावरून चाकाचं टोपडं बेतलं, आणि ताईंनी त्याच वांग्याचं भरीत केल्यावर दोन दिवस अबोला धरला.

पुढे हे वेड माणसांवर घसरलं. चाळीस वर्षांच्या झुपकेदार मिशा त्यांनी एका सकाळी उडवल्या, कारण काय तर स्कूटरवर हवा अडते. लग्नात नवरदेवाच्या फेट्याचा शेमला पाठीवर रुळताना पाहून भर मांडवात ओरडले, "वा! हा फेटा बराबर हाय!" माझी तर त्यांनी इभ्रतच काढली. विमानावर सुताचे तुकडे चिकटवून हवा कशी वाहते ते पाहायचं होतं, पण आधी सराव म्हणून सूत चिकटवलं माझ्या पाठीवर! मला मोटरसायकलवर पुढे पिटाळलं आणि आपण मागून वर्कशॉपातल्या पोराच्या मागे स्कूटरवर, वहीत नोंदी करत. गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत लोक मला वाट देत होते. एका म्हाताऱ्यानं तर हात जोडून विचारलं, नवस कोणत्या देवाचा. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो, आणि साडभाऊ मागून काय म्हणतात? "तुमची मान लय हवा खाते, साडभाऊ!"

असं करता करता तीन वर्षं गेली. एक टोपडं झालं की दुसरं, दुसरं झालं की पहिल्यात खोट. आणि मग वैमानिकांची तब्येत तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्याचं लक्षण ठीक नाही, दिवाळीनंतरच्या तपासणीत पास होणं कठीण. म्हणजे दिवाळीच्या आत उडाले तर उडाले, नाही तर जन्मात नाही. ताईंचा धीर सुटला. "आवं, उडा ना एकदाचे! डोळा गेल्यावर का कोंबड्या ठेवता त्या इमानात?"

शेवटी दिवस ठरला. आम्ही सगळे जमलो, नारळ फुटला. चाकांवर नवी कोरी टोपडी, इतकी चपखल की आत बोट शिरू नये. शेडपासून धावपट्टीपर्यंत शंभरेक पावलं काळं रान होतं, आणि आदल्या दिवशी सर येऊन गेलेली. आमची काळी माती ओली झाली की चप्पल सोडत नाही, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. पण साडभाऊंचं सगळं ध्यान हवेत! तीस पावलांत टोपड्यांमध्ये चिखल ठासून भरला, चाकं फिरायची थांबली, आणि विमान घरघरत जागच्या जागी रुतून बसलं. कुणाला हसू आवरेना. मलाही. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि माझी मलाच लाज वाटली.

ताई मात्र पाना घेऊन सरळ चिखलात बसल्या आणि टोपड्यांचे बोल्ट खोलू लागल्या. "अवं, काय करून राह्यली? सारा स्पीड जाईन ना!" साडभाऊ कळवळले. ताई मान वर न करता म्हणाल्या, "जाऊ द्या. तुमाले कोणती गाडी धराची हाय?"

चौथ्या दिवशी रान वाळलं आणि साडभाऊ उघड्या चाकांनी निघाले. "मले नाही पाहवत," म्हणून ताई घरीच थांबल्या. विमानानं जमीन सोडली. गावावरून दोन चकरा, मोजून बारा मिनिटं, आणि एक उडी मारून ते परत मुरमावर टेकलं. मी धावत गेलो. साडभाऊ खाली उतरेनात, नुसते हसत होते.

दिवाळीनंतर डोळा नापास झाला. विमान शेडमध्ये ताडपत्रीखाली गेलं ते गेलंच. परवा चहा पिताना मी भीत भीत विचारलं, टोपडी असती तर विमान आणखी जोरात गेलं असतं, त्याची हळहळ वाटते का.

"नाही बा," ते म्हणाले. "वरून घर दिसलं. तुमची ताई गच्चीवर उभी, अख्खी चादर घेऊन हालवून राह्यली. म्या इंजिन जितकं हळू होते तितकं हळू केलं. तरी घर लवकरच मांगं गेलं, साडभाऊ."