ढग सरकू द्या

२०१४ साल. मला एकाहत्तर पुरी झाली होती. आजही एक गोष्ट छातीठोक सांगतो: न काढलेल्या फोटोंचा जेवढा साठा माझ्या व्याह्यांकडे आहे, तेवढा भूतलावर दुसऱ्या कुणाकडे नसेल.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. ते भुसावळला रेल्वेत मालबाबू होते, मी मनमाडच्या मालधक्क्यावर मुकादम. शिक्षण चौथी, आणि त्याची मला लाज नाही. मुलगा-सून जर्मनीत ब्राउनश्वाइगला नोकरीला, म्हणून त्या उन्हाळ्यात आम्ही दोघे विधुर तिथं एका खोलीत नांदत होतो. हा माणूस गळ्यात कॅमेरा अडकवूनच चहाला बसायचा. मग दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून मला त्यातून हुकलेले फोटो दाखवायचा. "हे बघा, लाकडी वाघिणींची शेवटची गाडी. मागे धुकं. नेमका रोल संपलेला." चौकट जरा डावीकडे सरकायची. "आणि ही दारात बसलेली म्हातारी, सांडलेले गहू पाखडतेय. काढणार, तोच साहेबांची हाक." मालगाडीच्या बंद डब्याला आम्ही वाघीण म्हणतो. जन्मभर मी तिच्या पोटात पोती रचली, मला कसलं आलंय कौतुक! पण ते बोलायला लागले की ओल्या तागाचा वास यायचा आणि माझी पाठ आपोआप वाकायची.

ट्रामच्या शेवटच्या थांब्यापलीकडे एक बंद पडलेला रूळ होता. त्यावर तशीच एक म्हातारी वाघीण उभी, फळ्या उललेल्या, चाकांत झाड उगवलेलं. "तिकडच्या सगळ्या गेल्या. ही एक तरी फोटोत घेऊन जातो," व्याही म्हणायचे. दर रविवारी मी दुखरे गुडघे घेऊन त्यांच्यामागे. कधी ऊन तिरपं नसायचं, कधी आभाळ फार पांढरं. सून वैतागायची, "बाबा, मोबाईलवर काढा की पटकन!" "मोबाईलवर निघतो तो पुरावा, बाळा. फोटो वेगळा." "गेनाऊ," असं जर्मनमध्ये 'अगदी बरोबर' म्हणून ती कपाळाला हात लावायची. मला व्याही म्हणायचे, वाघिणीच्या दारात उभे राहा, शोभा येईल. मी साफ नकार द्यायचो. "तिला पाठ दिली तेवढी पुरे. आता तोंड नाही दाखवणार."

ऑगस्टातल्या एका रविवारी मात्र ऊन असं पडलं, की वाघिणीची फळी न् फळी सोन्याची. व्याह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, श्वास रोखला, आणि एकदम खाली घेतला. "छे, छे! तुम्ही मुलाकडचे. पहिला मान तुमचा." कॅमेरा माझ्या हातात. आता मी काय असा-तसा आहे? "अहो, भलतंच! तुमचा कॅमेरा, तुमची हौस. तुम्हीच काढा." "नाही, तुम्ही." "तुमच्या गळ्याची शपथ, तुम्ही." कॅमेरा पंगतीतल्या आग्रहाच्या जिलबीसारखा या हातातून त्या हातात फिरत राहिला. मानपान आटोपले तेव्हा वर ढग आला होता. "पुढच्या रविवारी," व्याही म्हणाले.

पुढच्या रविवारी तिथं खडी होती. नुसती खडी, रूळसुद्धा उचललेले. झाड तेवढं आडवं पडलं होतं. ऊन तसंच, सोन्यासारखं. व्याह्यांनी बोटांची चौकट केली, बराच वेळ धरली. परतताना ट्राममध्ये त्यांनी पहिल्यांदाच गळ्यातला कॅमेरा काढून पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं विमान होतं, मी मुलाकडेच राहणार होतो, आणि आमच्या वयात पुन्हा भेटू असं कोण कुणाला सांगणार.

सकाळी उठून मी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, टोपी चढवली आणि बाल्कनीत जाऊन कठड्याला पाठ लावून उभा राहिलो. "या, व्याही. काढा माझा. आणि आज मानपान नाही."

कॅमेरा डोळ्याला लागला. मी छाती काढली.

"जरा थांबा हं," ते म्हणाले, "ढग सरकू द्या."

मी थांबलो.