ओपनिंग बॅट्समन गोलात

आधी चहा संपवा, मग सांगतो. कप हातात असताना हसलात तर चादर तुम्हीच धुवायची! कारण काय सांगायचं मंडळी, माणूस स्वतःच्या पायांनी चालत जाऊन किती मोठं गाढव होऊ शकतो, त्याचा नगरमधला अस्सल नमुना आत्ता तुमच्यासमोर मांडी घालून बसलाय.

बहात्तरचा दुष्काळ. आमचा एक क्रिकेट क्लब होता. पाऊस नाही, पाणी नाही, आणि आमच्या मैदानावर गुरांची छावणी पडलेली. बरोबर आमच्या पिचवर एक म्हैस रवंथ करत बसायची. तिला ऊठ कोण म्हणणार?

आमचा कॅप्टन रामभाऊ. सायकलचं दुकान होतं त्याचं. एक दिवस म्हणाला, "गड्यांनो, आपुन हॉकी खेळू. हॉकीला पिच लागत न्हाई, का रोलर लागत न्हाई."

"पण हॉकी येते कुणाला?"

"क्रिकेट तरी कुठं येतंय?"

झाली हॉकी क्लबाची स्थापना!

आता मैदान हवं. भिंगारला लष्कराचं मैदान होतं आणि तिथं एक पंजाबी सुभेदारसाहेब. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मिशीला पीळ दिला. "पहले हमारे जवानों से एक मैच खेलो. नहीं हारे, तो हर इतवार ग्राउंड तुम्हारा."

म्हणजे जिंकायचं नाही, नुसतं हरायचं नाही. गोलात कोण उभं राहणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी ओपनिंग बॅट्समन. रन काढायचं पाप सहसा माझ्या हातून होत नसे. पण स्टंपांसमोर असा रुतून बसायचो, की पब्लिक घरी जाऊन जेवून परत यायचं आणि मी तिथंच! त्यापायी मला टीममधून काढायचं घाटत होतं, हेही मला ठाऊक होतं.

रामभाऊ म्हणाला, "तुला रन काढाया सांगत न्हाई, बाबा. निस्ता आडवा उभा ऱ्हा. एवढं केलंस तर टीममधी तुझी जागा पक्की."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या ठोंबेपणाला भाव आला हो! तेच क्रिकेटचे पॅड बांधले आणि उभा राहिलो.

मॅच सुरू झाली. बॉल जरा हवेत उडाला की आमचे तिघंतिघं कॅच घ्यायला धावत. एकानं तर घेतलाच, वर अंपायरकडे बघून "हाऊज दॅट!" म्हणून ओरडला. पण मी? मी भिंत झालो होतो. जवान मारताहेत, मी अडवतोय. पायानं, काठीनं, एकदा तर बसकण मारून. मॅच संपत आली, तरी शून्य-शून्य! पब्लिक माझं नाव घेऊन ओरडायला लागलं. माझी छाती अशी फुगली म्हणता!

एवढ्यात एका जवानानं सणसणीत फटका मारला. बॉल माझ्या दोन पायांतून गेला, मागं गोलाच्या लाकडी खांबावर आपटला आणि उडून परत मैदानात आला. गोल झाला नव्हता. शिट्टी वाजली नव्हती. काही काही झालं नव्हतं!

पण माझ्या पाठीमागं "खट्" वाजलं ना!

इतक्या वर्षांची सवय. पाठीमागं लाकूड वाजलं की आपण आउट. मी काठी बगलेत मारली, हातमोजे काढले आणि मान खाली घालून तंबूकडे निघालो.

आणि पब्लिक! तेही आमच्या क्रिकेटचंच. त्यांनी टाळ्या वाजवल्या!

"अय! कुठं चाललास?" रामभाऊ बोंबलला. मला वाटलं, बिचाऱ्याला माझ्या विकेटचं दुःख झालंय. मी हातानंच खूण केली, काय करणार, बॉल आत आला.

तंबूत आमचा राखीव गडी पौलस बसला होता. त्याला म्हटलं, "जा. सांभाळून खेळ, बॉल खाली राहतोय." आणि पौलस उठला की हो! खांदे फिरवले, सूर्याकडे पाहिलं आणि निघाला मैदानात.

इकडे तो जवान बॉल घेऊन उभा. समोर गोल उघडा. त्यानं अंपायरकडे पाहिलं, अंपायरनं त्याच्याकडे. शेवटी बिचाऱ्यानं लाजत लाजत बॉल आत ढकलला. शिट्टी! पौलस पोचला तोवर सगळा खेळ खलास.

रामभाऊ तंबूत शिरला तेव्हा मी पॅड सोडत होतो. "आरं गाढवा, हॉकीत आउट आसतंय व्हय?"

"नसतं? मग माणूस परत कधी येतो?"

तो माझ्यावर धावून येणार, तेवढ्यात सुभेदारसाहेब आले. डोळे पुसत होते. हसून हसून मिशीचा पीळ सुटलेला. म्हणाले, "इतना तो हम बरसों में नहीं हँसे. ग्राउंड ले लो, यार! लेकिन एक शर्त है. गोल में यही साहब खड़े रहेंगे. जिस दिन ये नहीं, उस दिन ग्राउंड नहीं."

तेव्हापासून दर रविवारी मी गोलात. आम्ही एकही मॅच जिंकलो नाही, पण मैदान काही गेलं नाही. एका रविवारी मला सडकून ताप भरला. रामभाऊ घरी आला, कपाळाला हात लावून पाहिला आणि हात जोडून म्हणाला, "चल बाबा, खाटंसकट नेतो. आज दुसरा कुणी उभा ऱ्हायला, तर मैदान बी जाईल आन् वर जिंकून बसू!"