शेला बांधणारे हात

आमच्या घरात ह्यांच्याशिवाय माझं पोट कुणालाच नीट बांधता आलं नाही. हसा खुशाल, पण खरं तेच सांगते. आधीची दोन बाळं पोटात असतानाच, मधल्या महिन्यांत गेली होती. तिसऱ्या खेपेला आमच्या शहराच्या लश्कर भागातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लेटी रहो, और पेट को नीचे से सहारा दो." माहेरी जाणंही बंद झालं.

संस्थान विलीन झाल्यापासून सासऱ्यांचा दरबारी शेला पेटीत नुसता पडून होता. तो त्यांनी आपणहून काढून दिला. "मला आता कोण बोलावतंय? नातवंडाला धरू दे," म्हणाले. दवाखान्यात माझ्याबरोबर हेच होते, म्हणून बांधायची रीत डॉक्टरीणबाईंनी ह्यांनाच दाखवली. सकाळी कचेरीला जायच्या आधी हे दार लोटून घेत. पोटाखालून शेला घ्यायचा, अलगद वर उचलायचा, पाठीमागून आणून कुशीवर गाठ मारायची.

"घट्ट झालं का?"

"नाही."

"खरं सांग."

एवढंच बोलणं. एरवी घरात चारचौघांत आम्ही एकमेकांकडे बघतही नसू. मी पहाटेपासून त्या दाराकडे कान लावून पडलेली असे.

मग नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागे ती मेली कचेरीही. टेबलं-खुर्च्यांबरोबर हेही गेले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई पदर खोचून आल्या. माया होती हो बिचारीच्या मनात, पण हाताला सवय बाळंतिणीचं पोट बांधायची! शेला असा करकचून आवळला की दुपारी कळाच सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई टांग्यातून धावत आल्या, आधी गाठ सोडली. "अरे माँजी, ऐसे तो जापे के बाद बाँधते हैं!"

संध्याकाळी कळा थांबल्या. सासूबाई रडल्या, मीही रडले. त्यांना वाटलं, मी भ्यायले. भ्यायले तर होतेच, पण रडू येत होतं ते ह्यांच्यासाठी. सांगणार कुणाला? नवरा हवाय असं म्हणणारी सून म्हणजे निर्लज्जच की!

त्यानंतर दार लोटून मी माझं मीच बांधू लागले. "घट्ट झालं का?" मीच विचारी आणि "नाही" असं उत्तरही मीच देई.

मूल टिकलं. मुलगी झाली, खणखणीत रडली. हे बारशाला आले, पाळण्याशी कितीतरी वेळ उभे राहिले आणि रजा संपली तसे परत गेले. पुढे भोपाळला घर मिळेना, घर मिळालं तेव्हा सासरे अंथरुणाला खिळले, मग मुलीची शाळा. असं करता करता ह्यांची सगळी नोकरी तिकडेच गेली. सुट्टीत आले की मुलगी माझ्या मागे लपे. "ओळखतच नाही ही मला," म्हणून हे हसत आणि मग पेपर उघडून बसत.

लोक म्हणत, नशीबवान आहेस, पोर हाती लागली. होतेच मी नशीबवान. पण मला हेही हवे होते.