हलगीला जागा सोडणारा ठेका

भोरात साउंडवाले तेव्हा बरेच होते, पण स्पीकरचे प्लायवूडचे बॉक्स स्वतःच्या हातांनी ठोकणारे आमचे अब्बाच. त्यांचा बेस वाजला की समोरच्या दुकानातल्या बरण्या थरथरायच्या आणि अब्बा मिशीतल्या मिशीत हसायचे. मला त्याचा भलताच अभिमान होता, आजही आहे.

विंझरच्या जत्रेत बॉक्स दरवर्षी आमचेच. पण एका वर्षी पालखी निघायच्या आधीच लेझीम खेळवणाऱ्या तात्यांनी अब्बांना गाठलं.

"चाचा, तुमची गाणी लई पळत्यात. हलगी एकीकडं, बॉक्स दुसरीकडं, आन् गड्यांची पावलं मोडत्यात. आजबी तसंच झालं तर फुडल्या वर्षी नुसती हलगी. राग मानू नका."

अब्बांनी राग मानला नाही, पण चेहरा पार उतरला. तो मला बघवेना.

माझ्याकडे मामूंनी आखातातून आणलेली रेगे संगीताची कॅसेट होती. ते म्हणे जमैकाचं, आणि तिथंही लोक असेच मोठाले बॉक्स रस्त्यावर मांडून नाचतात. शब्द एक कळत नव्हता. मला आवडायचा तो ठेका. त्याला घाईच नाही. एक ठोका पडतो, मग मोकळी जागा, मग निवांत दुसरा. अब्बा म्हणायचे, "हे काय, अर्धं गाणं गायब!"

पालखी निघाली तशी तीच मी आमच्या बॉक्स लादलेल्या टेम्पोवर लावली. ट्रेबल पार खाली ओढला. गाणाऱ्याचा आवाज दबला, उरला बेस आणि ड्रम. हलगीवाल्या काकांनी हात थांबवून कान दिला, मान हलवली आणि त्या मोकळ्या जागेत काडी टाकली. जिथं ठेका गप्प, तिथं हलगी बोलायला लागली. लेझीमची रांग एकदम वाकली, एकदम उठली. एकही पाऊल मोडलं नाही. आमच्या बॉक्सवर हे घडत होतं, माझी छाती फुगायची राहते होय!

तात्या रांग सोडून टेम्पोकडे आले. कॅसेट बंद कर म्हणतात की काय, असं मला वाटलं. त्यांनी आपली लेझीम अब्बांच्या हातात दिली.

"या चाचा. लई वर्सं टेम्पोमागं हुबं ऱ्हायलात."

अब्बा जन्मात कधी नाचले नव्हते. पहिल्या रांगेत उभे राहिले आणि दुसऱ्याच पावलाला चुकले. अख्खी रांग वाकलेली तशीच थांबली. अब्बांचं पाऊल पडलं, तेव्हाच सगळ्यांच्या लेझमा वाजल्या.