मामांची सही

मार्गासनीच्या उपकेंद्रात मी बावीस वर्षं नर्स होते. निवृत्त झाल्यावर भोरला भावाकडे जावं असं सगळ्यांचं म्हणणं होतं, पण मी इथंच राहिले. लोक अजूनही दारात येतात. "सिस्टर, जरा बीपी बघा."

माझ्या घराच्या वरच्या अंगाला एक वयस्कर गृहस्थ राहतात. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं. बायको कधीच गेली, मूलबाळ नाही. एक म्हैस आणि रस्त्यालगतची भातखाचरं. रस्ता रुंद करताना त्यातली एक पट्टी गेली आणि मोबदला बँकेत जमा झाला. मामांनी त्यातून घरावर नवे पत्रे घातले, बाकी रकमेला हात लावला नाही. महिन्यातून एकदा एसटीनं बँकेत जायचे, अंगठा लावायचे, किराण्यापुरते पैसे घेऊन यायचे.

मोबदला आल्यावर दोनेक महिन्यांत त्यांचा भाचा येऊ लागला. शिवऱ्याला राहणारा, मयत बहिणीचा एकुलता एक मुलगा, चाळिशीचा. आधी तो फक्त लग्नकार्यात दिसायचा. आता दर रविवारी त्याची पांढरी गाडी चढावर उभी असायची. येताना फळं आणायचा, मामांच्या गुडघ्याला तेल चोळायचा, मलाही वाकून नमस्कार करायचा. "सिस्टर, तुमी हाय म्हणून आमाला घोर न्हाई."

मला तो आवडला, हे खोटं कशाला सांगू? एकट्या म्हाताऱ्यांना मी फार जवळून पाहिलंय. कुणीतरी येतंय, हेच मला मोठं वाटलं.

त्यानं मामांना नवा मोबाईल दिला आणि जुना, सिमसकट, स्वतःकडे ठेवला. पासबुकही नेलं. "हितं उंदरं कुरतडतील, मामा." मामांनी हे मला कौतुकानं सांगितलं. मीही मान डोलावली.

मग एका रविवारी तो पाटी आणि वही घेऊन आला. "मामा, किती दिस अंगठा लावणार? लोक हसत्यात. सही शिका."

पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस पाटीवर अक्षरं गिरवू लागला. गावात चर्चा झाली, कुणी फोटोही काढले. भाचा आठवड्यातून एकदाच यायचा, म्हणून बाकीचे दिवस शिकवणी माझ्याकडे आली. संध्याकाळी म्हशीची धार काढून झाली की मामा ओट्यावर बसायचे. त्यांच्या नावात एक वेलांटी आहे, ती ते हमखास उलटी काढायचे. मी त्यांचा हात धरून ती वळवून घ्यायचे. इंजेक्शनला न घाबरणारा तो हात पेन मात्र मुठीत आवळून धरायचा. दोन महिन्यांनी सही जमली. भाचा त्यांना गाडीतून बँकेत घेऊन गेला, सही नोंदवून आणली. मामा स्वतः पेढे घेऊन माझ्या दारात आले.

त्यानंतर त्यांचं बँकेत जाणं थांबलं. भाचाच पैसे आणून द्यायचा. मला वाटलं, बरं झालं, एसटीची दगदग वाचली.

भाताच्या कापणीनंतरची गोष्ट. मी बीपी बघायला गेले, तर मामा खुशीत होते. म्हणाले, "आता येलांटी चुकत न्हाई. भाच्यानं सरावाला छापील चोपडी आणली हुती, समदी सह्या करून दिली त्याला."

"छापील चोपडी? कसली?"

"लांबुडक्या कागदांची. एक पान बिघडलं, ते म्या ठेवलंय."

त्यांनी फळीवरून घडी केलेला कागद काढला. उलटी वेलांटी होती खरी. कागद चेकचा होता.

मी कागद होता तसा घडी घालून त्यांना परत दिला. बीपी मोजलं, गोळी घेतली का विचारलं. दुसऱ्या दिवशी "हयातीचा दाखला देऊन येऊ" असं सांगून त्यांना बँकेत घेऊन गेले. आयुष्यात मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं खोटं.

बँकेतल्या बाईंनी खातं उघडून पाहिलं. किराण्याचे दोनेक महिने निघतील, एवढंच शिल्लक होतं. "चेकवर यांचीच सही आहे, जुळते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अंगठ्याच्या खात्याला आम्ही चेकबुक देत नाही, माणसाला समोर यावंच लागतं. सही नोंदवल्यावर यांनीच चेकबुकचा अर्ज केलाय. मेसेज यांच्या जुन्या नंबरवर जातात."

तो नंबर कुणाकडे होता, हे मला माहीत होतं.

मामा आम्हा दोघींच्या तोंडांकडे बघत होते. "म्हंजी तो सराव न्हवता?"

उरलेले चेक थांबवायचा अर्ज मी तिथंच लिहिला. खाली सही करताना त्यांची वेलांटी बरोबर आली. एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. मी पोलिसांचं नाव काढलं, म्हाताऱ्या माणसाला घरच्यांनी लुबाडलं तर प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो तेही सांगितलं. उतरताना ते एवढंच बोलले, "बहिणीचं पोर हाय, सिस्टर. म्या मेल्यावर तोंडात पाणी कोण घालंल? तुमी?"

मी त्यांना हाताला धरून एसटीतून उतरवलं.

त्या रविवारी भाचा आला तो सरळ माझ्या अंगणात. फळं नव्हती, नमस्कारही नव्हता. पण आवाज चढला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

"चेक बंद केले तुमी."

"मामांनी केले. पैसे कुठं गेले?"

"धंद्यात घातल्यात, मामांच्याच नावानं. घरातली गोष्ट हाय." तो माझ्या घराकडे, तुळशीकडे, दारातल्या चपलांकडे सावकाश बघत राहिला. "तुमी एकट्याच ऱ्हाता न्हाई का? मग मामांकडं रोज कशाला जाता? सही तर तुमीच शिकवली त्यांना. समद्या गावानं बघितलंय."

तो गेला आणि आठवड्याभरात गावात कुजबुज सुरू झाली. नळावर बायका मी आले की गप्प व्हायच्या. एकीनं न राहवून विचारलं, "सिस्टर, मामांची जमीन तुमच्या नावावर व्हनार हाय, खरं का?"

एकदा वाटलं, भोरला निघून जावं. गेले नाही. मामांकडे जाणंही सोडलं नाही. थंडीत एके दिवशी त्यांनी सांगितलं, "तालुक्याला जायचंय. सात-बाऱ्याला आधार जोडायचंय म्हनं. भाचा न्यायला येनार हाय."

"मामा, मी सोबत येते. नाहीतर कागद आधी मला दाखवा. वाचल्याशिवाय सही करू नका."

म्हैस रवंथ करत होती. मी बीपीचा पट्टा त्यांच्या दंडाला गुंडाळत होते, तो त्यांनी हळूच सोडवला.

"सिस्टर, राग मानू नका. पन तुमाला माज्या सात-बाऱ्याचं एवढं काय पडलंय?"

मी यंत्र पिशवीत घातलं. चेन दोनदा ओढली तरी लागेना. प्रांत कार्यालयाचा अर्ज मी लिहून ठेवला होता, तो त्यांच्या फळीवर ठेवला आणि सांगितलं, पटलं तर सही करा, मी नेऊन देईन. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

आज गुरुवार आहे. मघाशी त्यांच्या ओट्यावर धुतलेलं धोतर आणि टोपी वाळत घातलेली दिसली. बाहेरगावी जायचं असलं की आदल्या दिवशी ते असेच कपडे वाळत घालतात.